स्काडात लॉगिंगचा रेट कसा ठरवायचा: साखर कारखान्याचं उदाहरण घेऊन

नव्या स्काडात (प्लांटवर देखरेख ठेवून नोंदी करणाऱ्या संगणक प्रणालीत) टॅग, म्हणजे एकेका मोजमापाची ओळख, तयार करताना लॉगिंग इंटरव्हलचा (किती वेळाने नोंद करायची त्याचा) एक रकाना येतो. त्यात बहुतेक वेळा आधीच काहीतरी भरलेलं असतं, १ सेकंद किंवा १ मिनिट. पाचशे टॅग भरायचे असले की त्या रकान्याला कुणी हात लावत नाही. मग हंगाम सुरू होतो, एके रात्री बॉयलर ट्रिप होतो (सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो) आणि सकाळी चीफ इंजिनीअर ट्रेंड, म्हणजे नोंदींचा आलेख, मागतात. ड्रम लेव्हलचा (बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याच्या पातळीचा) ट्रेंड उघडावा तर ट्रिपच्या आधी एक ठिपका, ट्रिपनंतर एक ठिपका आणि मध्ये सरळ रेघ.

नुकतेच इन्स्ट्रुमेंट विभागात रुजू झालेल्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरण सहवीजनिर्मिती असलेल्या साखर कारखान्याचं घेतलंय, कारण एकाच आवारात सगळे वेग बघायला मिळतात. टर्बाइन मिलिसेकंदांत ट्रिप होतं, तर पॅनमध्ये (पाक आटवायच्या भांड्यात) साखरेचा दाणा वाढायला दोन-चार तास लागतात. या दोघांना एकच रेट लावला तर एकाचा डेटा निकामी आणि दुसऱ्याचा नुसता भरताड.

१. आधी प्रश्न लिहून काढा

रेट ठरवायला बसताना स्काडा बंद ठेवा, वही घ्या. हा डेटा पुढे कोण उघडणार आणि त्याला काय विचारणार, हे टॅगगणिक नाही तरी निदान विभागगणिक लिहा.

शिफ्ट केमिस्टला रसाचा पीएच आठ तासांत कसा राहिला ते हवं असतं. बॉयलरच्या माणसाला ट्रिपच्या आधीची दोन मिनिटं हवी असतात. लूप (मोजमाप बघून व्हॉल्व्ह आपोआप हलवणारं नियंत्रण) ट्यून करणाऱ्याला व्हॉल्व्ह हलल्यावर दाब कसा सावरला तो आकार हवा असतो. वीज विकणाऱ्याला १५ मिनिटांचे ब्लॉक लागतात, दिवसाला ९६, आणि त्याचा हिशेब मीटरवरच होतो. स्काडातले किलोवॅट जोडून तो करायला जाऊ नका. चिमणीच्या ऑनलाइन मोजमापाचा डेटा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो, तो त्यांच्या अटीप्रमाणेच जायला हवा.

ज्या टॅगसमोर एकही प्रश्न लिहिता येत नाही तो सगळ्यात संथ गटात टाका. काढून मात्र टाकू नका, प्रश्न कधी उभा राहील सांगता येत नाही.

२. राशी किती वेगाने हलते ते मोजा

इथे अंदाज चालत नाही आणि मोजणं अवघडही नाही. ज्यूस हीटर घ्या. शिफ्ट इन्चार्जची परवानगी घेऊन लूप मॅन्युअलवर टाका, स्टीम व्हॉल्व्ह थोडा उघडा आणि रसाचं तापमान बघत राहा. समजा ते ९८ अंशांवरून निघून १०२ वर स्थिरावलं. एकूण बदल ४ अंश, त्याचे ६३ टक्के म्हणजे अडीच अंश. तापमान हलायला लागल्यापासून १००.५ पर्यंत पोचायला लागलेला वेळ म्हणजे त्या लूपचा टाइम कॉन्स्टंट. समजा तो ४० सेकंद आला.

लॉगिंगचा रेट या आकड्याच्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्यात ठेवायचा. म्हणजे ८ ते ४ सेकंद. ५ लावा आणि पुढे चला. यापेक्षा दाट लॉगिंग केलं तरी नवं काही दिसत नाही, कारण थर्मोवेलमधला सेन्सरच तितका सुस्त असतो. यापेक्षा विरळ केलं तर चढाचा आकार हरवतो.

कारखान्यात फिरलात तर साधारण असं चित्र दिसेल. ड्रम लेव्हल, भट्टीचा ड्राफ्ट, मुख्य स्टीमचा दाब, फीड वॉटरचा फ्लो ही चपळ मंडळी, त्यांना १ सेकंद. रसाचा पीएच, हीटरची तापमानं, इव्हॅपोरेटरच्या बॉडींमधल्या लेव्हल यांना ५ सेकंद पुरतात. क्लॅरिफायरमध्ये रस दोन-तीन तास मुक्कामाला असतो, तिथल्या तापमानाला ३० सेकंद म्हणजे चैन. पॅनचा व्हॅक्यूम आणि तापमान १० सेकंदांनी घेतलं तर तीन तासांच्या एका स्ट्राइकचे (पॅनच्या एका घाण्याचे) १०८० ठिपके मिळतात. पॅनमनला त्याहून जास्त लागत नाहीत.

सेंट्रिफ्यूगल मशीन मात्र या मापात बसत नाही. बॅच मशीनचं एक आवर्तन तीनेक मिनिटांचं: भरणं, वेग घेणं, फिरणं, ब्रेक, साखर उतरवणं. मोटरचा करंट वेग घेताना चढतो आणि ब्रेकच्या वेळी वीज उलटी जाते. मिनिटाला एक नोंद केलीत तर आवर्तनाचे तीनच ठिपके हाती येतात, आणि आवर्तन बरोबर १८० सेकंदांचं असेल तर दर वेळी तेच तीन. करंट कधी चढलाच नाही असंही चित्र त्यातून निघू शकतं. इथे १ सेकंद लावा, किंवा दर आवर्तनाचा सर्वाधिक करंट पीएलसीतच (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरमध्येच) पकडून आवर्तनाच्या शेवटी एक नोंद करा. मला दुसरा मार्ग आवडतो. तीन मशीनांतलं कुठलं जास्त ओढतंय ते एका तक्त्यात दिसतं.

कंपनाचा कच्चा सिग्नल स्काडात आणायच्या भरीस पडू नका. १५०० आरपीएमचा अल्टरनेटर म्हणजे सेकंदाला २५ फेरे, आणि गिअरच्या दात्यांचा आवाज त्याच्या कितीतरी पट वर. तो त्याच्या स्वतंत्र मॉनिटरवर राहू द्या आणि तिथून फक्त एकूण आकडा घ्या.

३. वाटेत कुठे अडतंय ते पाहा

हिस्टोरियनमध्ये (नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये) १ सेकंद लिहिलं म्हणून दर सेकंदाला नवा आकडा येतोच असं नाही. ट्रान्समीटरचं डॅम्पिंग (सिग्नलची थरथर दाबण्यासाठी लावलेली सुस्ती), अॅनालॉग कार्डाचा फिल्टर, पीएलसीचा स्कॅन, कम्युनिकेशन, स्काडाचा पोलिंग रेट (किती वेळाने आकडे विचारतो तो) आणि शेवटी लॉगिंग अशी ही साखळी असते. यातला सगळ्यात संथ दुवा तुमचा खरा रेट ठरवतो. डॅम्पिंग ५ सेकंदांवर असेल तर २०० मिलिसेकंदांच्या लॉगिंगला काही अर्थ उरत नाही.

नव्या माणसाची गफलत सर्वाधिक होते ती मॉडबसवर (एका केबलवरच्या उपकरणांना एकेक करून आकडे विचारायची पद्धत), म्हणून हा हिशेब एकदा हाताने करून बघा. एका आरएस-४८५ केबलवर १२ एनर्जी मीटर आहेत, वेग ९६००, पॅरिटीसकट एका अक्षराला ११ बिट. एक अक्षर जायला सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतात. विचारणा ८ अक्षरांची. २० रजिस्टरांचं उत्तर ४५ अक्षरांचं. मिळून ५३ अक्षरं, म्हणजे ६१ मिलिसेकंद. दोन्ही संदेशांनंतर साडेतीन अक्षरांइतकी शांतता पाळावी लागते, ते ८ मिलिसेकंद. मीटर स्वतः उत्तर द्यायला ५० मिलिसेकंद घेतो असं धरा. एका मीटरला जवळजवळ १२० मिलिसेकंद झाले, बारा मीटरांना १.४ सेकंद. १ सेकंदाचं लॉगिंग इथेच मोडलं.

आता यातला एक मीटर कुणीतरी पॅनेलमध्ये काम करताना बंद केला. टाइमआउट १ सेकंद आणि तीन प्रयत्न अशी सेटिंग असेल तर प्रत्येक फेरीत ३ सेकंद त्या मेलेल्या मीटरची वाट बघण्यात जातात. बाकीच्या अकरा मीटरांचा डेटाही आता साडेचार सेकंदांनी येतो, आणि तक्रार येते ती या अकरा मीटरांची.

उपाय क्रमाने करा. एका मीटरचे व्होल्टेज, करंट, पॉवर वेगवेगळ्या चार विचारण्यांनी मागत असाल तर ते एका विचारणीत आणा. मॉडबसमध्ये एका वेळी १२५ रजिस्टरं वाचता येतात. टाइमआउट कमी करा. बंद पडलेल्या मीटरला दर फेरीत विचारू नका, मिनिटाने एकदा विचारा. बॉड रेट सर्वांत शेवटी वाढवा. १९२०० केल्यावर तारेवरचा वेळ निम्मा होतो, पण मीटरचे ५० मिलिसेकंद तसेच राहतात, त्यामुळे बारा मीटरांची फेरी १.४ वरून जेमतेम १ सेकंदावर येते.

ओपीसी यूए (पीएलसी आणि स्काडा यांच्यातली देवाणघेवाणीची दुसरी पद्धत) वापरत असाल तर तिथे तीन सेटिंग वेगवेगळ्या असतात: सॅम्पलिंग इंटरव्हल (किती वेळाने वाचायचं), पब्लिशिंग इंटरव्हल (किती वेळाने पाठवायचं) आणि क्यू साइज (मधल्या काळात किती आकडे धरून ठेवायचे). सॅम्पलिंग १०० मिलिसेकंद, पब्लिशिंग १ सेकंद आणि क्यू साइज १ ठेवला, तर दहा आकडे वाचले जातात आणि शेवटचा एकच पोचतो. क्यू निदान १० हवा, थोडा जास्त असला तर उत्तम.

४. खोटी लाट

हा भाग दोनदा वाचा. स्टीमचा दाब उतरवणाऱ्या स्टेशनचा कंट्रोल व्हॉल्व्ह अडकत अडकत चालतोय. ग्लँड पॅकिंग घट्ट झालं की असं होतं. त्यामुळे दाब दर ५५ सेकंदांनी वर-खाली होतो. लॉगिंग आहे ६० सेकंदांचं. प्रत्येक नोंद लाटेवर ५ सेकंद पुढे सरकते, आणि अशा अकरा नोंदींनंतर पुन्हा त्याच जागी येते. ट्रेंडवर दिसते ११ मिनिटांची संथ, गोंडस लाट, जी प्लांटमध्ये कुठेच नाही.

मग त्या ११ मिनिटांचं कारण शोधण्यात दिवस जातात. बगॅस (उसाचं चिपाड) ओलं आहे का, मिलचा भार बदलतोय का, फीडरवाला झोपतोय का. व्हॉल्व्हकडे कुणी बघत नाही, कारण व्हॉल्व्हच्या दोषाची लाट इतकी लांब नसते हे सगळ्यांना माहीत असतं.

लाट ओळखू येण्यासाठी एका आवर्तनात दोनाहून जास्त नोंदी हव्यात, हा नायक्विस्टचा नियम. तो किमान आहे. आकार समजायचा असेल तर दहा घ्या. ५५ सेकंदांच्या लाटेला ५ सेकंदांचं लॉगिंग. संथ रेटच परवडत असेल तर पीएलसीत फिल्टर किंवा सरासरी लावून मग नोंद करा. तो क्षणाचा आकडा तसाच उचलू नका. नोंद झाल्यानंतर हिस्टोरियनमध्ये सरासरी काढून ही खोटी लाट जात नाही. ती एकदा डेटात शिरली की शिरली.

शंका आली तर एक साधी परीक्षा आहे. लॉगिंगचा रेट तात्पुरता बदला, ६० ऐवजी ५० सेकंद करा. प्लांटमधली लाट खरी असेल तर तिची लांबी तीच राहील. खोटी असेल तर बदलेल.

५. ट्रिपसाठी वेगळी सोय

ट्रिपनंतरचा प्रश्न नेहमी एकच असतो: आधी काय गेलं? फीड पंप, ड्रम लेव्हल लो-लो, बॉयलर, टर्बाइन, ब्रेकर. यातल्या काही घटना एकाच सेकंदात होतात, आणि १ सेकंदाने वाचलं तर सगळ्यांवर एकच वेळ छापलेली येते. कोण आधी ते डेटा सांगू शकत नाही, मग बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

ट्रिपशी संबंधित डिजिटल सिग्नल ठरावीक वेळाने न वाचता बदल होईल तेव्हा नोंदवा, आणि वेळ पीएलसीत किंवा कार्डातच लागू द्या. सिक्वेन्स ऑफ इव्हेंट्सची कार्डं १ मिलिसेकंदापर्यंत वेळ लावतात. बजेटमध्ये ती बसत नसतील तर निदान फर्स्ट-आउट लॉजिक लिहा: पहिलं आलेलं ट्रिपचं कारण लॅच करून ठेवायचं. हे फुकट आहे.

अॅनालॉगसाठी पीएलसीत रिंग बफर ठेवा. टर्बाइनचा वेग, अॅक्शियल डिस्प्लेसमेंट, ल्यूब ऑइलचा दाब, ड्रम लेव्हल असे दहा-बारा टॅग १०० मिलिसेकंदांनी फिरत्या बफरमध्ये लिहीत राहा. ट्रिप आल्यावर आणखी मिनिटभर लिहू द्या, मग बफर गोठवा आणि सावकाश हिस्टोरियनला पाठवा. एका टॅगचे पाच मिनिटांचे ३००० आकडे होतात, पीएलसीच्या मेमरीत ते बसतात का ते आधी बघा. जनरेटरच्या न्युमेरिकल रिलेत त्याचा स्वतःचा डिस्टर्बन्स रेकॉर्ड असतो, तो उतरवायला शिका. ती नोंद स्काडाने करायला जाऊ नये.

आणि घड्याळं. पीएलसी, रिले, मीटर, सर्व्हर यांची घड्याळं एका एनटीपी सर्व्हरला (नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या) किंवा जीपीएस घड्याळाला बांधलेली नसतील, तर वरचं सगळं व्यर्थ आहे. दोन घड्याळांत ४० सेकंदांचा फरक असताना मिलिसेकंदांच्या कार्डांवर खर्च केलेले कारखाने असतात.

६. डेडबँड: टक्क्यांनी लावू नका

आकडा पुरेसा बदलला तरच नोंद करायची, ही डेडबँडची कल्पना. जागा वाचते, पण आकडा चुकला तर डेटा मरतो. बॉयलरचा दाब ६७ किलो (प्रति चौरस सेंटीमीटर), ट्रान्समीटर ० ते १०० किलोचा. कुणीतरी सरसकट १ टक्का डेडबँड लावला, म्हणजे १ किलो. आता ६७ च्या आसपास अर्धा किलो खाली-वर होणारा दाब ट्रेंडवर सरळ रेघ दिसतो आणि लूप झकास चालतोय असं सगळ्यांना वाटतं.

डेडबँड ट्रान्समीटरच्या अचूकतेवरून ठरवा. ०.१ टक्का अचूकता असेल तर इथे ०.१ किलो, त्याचा निम्मा म्हणजे ०.०५ लावा. ड्राफ्टसारखा सतत थरथरणारा सिग्नल असेल तर डेडबँडचा उपयोगच होत नाही, प्रत्येक नोंद त्याच्या बाहेर पडते. तिथे आधी डॅम्पिंग बघा.

आणखी दोन गोष्टी सोबत हव्यात. एक, बदल नसला तरी दर दहा मिनिटांनी एक नोंद व्हायलाच हवी. नाहीतर स्थिर राशी आणि तुटलेली केबल सारखीच दिसतात. दुसरी जरा सूक्ष्म आहे. सिरप टाकीची लेव्हल १० वाजता ४० टक्के होती, आठ मिनिटं तशीच राहिली आणि १०:०८ ला पंप सुरू झाल्यावर ४३ झाली. नोंदी दोनच: १०:०० ला ४० आणि १०:०८ ला ४३. ट्रेंड या दोघांना तिरकी रेघ जोडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की लेव्हल दहा वाजल्यापासूनच चढत होती. पंपाच्या आधी कुणीतरी व्हॉल्व्ह उघडला असा शोध सुरू होतो. म्हणून बदलाच्या लगेच आधीचा जुना आकडाही साठवणारी सेटिंग चालू ठेवा. ती नसेल तर ट्रेंड पायऱ्यांच्या रूपात दाखवा.

७. जागेचा हिशेब

५०० टॅग दर सेकंदाला नोंदवले तर दिवसाला ४ कोटी ३२ लाख नोंदी. एका नोंदीला वेळेचे ८ आणि आकड्याचे ८ असे १६ बाइट धरले तर रोज सुमारे ६९० एमबी, १५० दिवसांच्या हंगामाला १०४ जीबी. साध्या एसक्यूएल टेबलात इंडेक्ससकट हे बरंच फुगतं.

आता वरच्या पायऱ्यांप्रमाणे वाटणी करा: ४० टॅग १ सेकंदाने, १६० टॅग ५ सेकंदांनी, ३०० टॅग ३० सेकंदांनी. सेकंदाला ५०० ऐवजी ८२ नोंदी झाल्या, हंगामाला १७ जीबी. आजच्या हार्ड डिस्कला १०४ जीबीही जड नाही, हे खरं. त्रास होतो तो तीन महिन्यांचा ट्रेंड उघडताना आणि बॅकअप घेताना.

दाट डेटा एक पूर्ण हंगाम ठेवा, म्हणजे ऑफ सीझनच्या ओव्हरहॉलिंगमध्ये तो हाताशी असतो. त्यापुढे १ मिनिटाचा सारांश पुरे, पण त्यात सरासरीसोबत किमान आणि कमाल हवेतच. नुसती सरासरी ठेवली तर तीन सेकंदांचा दाबाचा उसळा पुढच्या वर्षी झालाच नव्हता असं ठरतं.

जाता जाता टोटलायझरचं (फ्लोची बेरीज करत जाणाऱ्या आकड्याचं). एकूण स्टीम किती गेली हे लॉग केलेल्या फ्लोवरून काढू नका, पीएलसीतल्या टोटलायझरचा आकडा लॉग करा. तो ३२ बिट फ्लोटमध्ये (दशांश आकडे साठवायच्या प्रकारात) ठेवलेला असेल तर सावध. १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ च्या पुढे फ्लोटला एक-एकची बेरीज जमत नाही, तो दोन-दोनच्या पावलांनी चालतो. तासाला १०० टन स्टीम किलोत मोजत असाल तर हा आकडा आठवड्याभरात गाठला जातो. दर १०० मिलिसेकंदांनी २.७८ किलो मिळवायचे असताना तो २ च मिळवतो, आणि स्टीम एक चतुर्थांशाहून जास्त कमी दिसू लागते. टनात मोजलं तर ही भानगड बंद होते असं समजू नका, दशांशाच्या जागी तीच पुन्हा येते. किलोचा हिशेब ६४ बिटमध्ये ठेवा, किंवा रोज शून्य करून दिवसाचा आकडा वेगळा साठवा.

८. चाचणी गळिताआधी तपासा

हे काम ऑफ सीझनमध्ये करायचं. लूप कॅलिब्रेटर घेऊन ट्रान्समीटरच्या जागी ४ ते २० मिलिअँपचा चढ द्या, ठरावीक वेळात, समजा ६० सेकंदांत. मग हिस्टोरियनमधून त्या मिनिटाच्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवा. १ सेकंदाच्या टॅगला साठेक वेगवेगळे आकडे दिसले पाहिजेत. तोच आकडा पाच-पाच वेळा येत असेल तर तुमचा खरा रेट ५ सेकंद आहे, रकान्यात काहीही लिहिलेलं असो. चढाची सुरुवात मनगटी घड्याळापेक्षा किती उशिरा दिसते तेही लिहून ठेवा.

डिजिटलसाठी दोन ट्रिप सिग्नल मुद्दाम अर्ध्या सेकंदाच्या फरकाने द्या आणि क्रम बरोबर येतो का बघा. नंतर जोडणी उलटी करून पुन्हा. एका मीटरचा फ्यूज काढून बाकीच्यांचा वेग तपासा.

प्रत्येक गटाचा रेट, डेडबँड आणि तो का ठेवला हे एका शीटवर लिहून पॅनेलरूममध्ये लावा, खाली तारीख टाका. पुढच्या हंगामात कुणी ट्यूनिंगसाठी एखादा टॅग १०० मिलिसेकंदांवर नेईल आणि परत आणायला विसरेल. ती शीट असेल तर मूळ आकडा कुठे बघायचा ते त्याला कळेल.